संपवाल्या माशांच्या टाकीच्या पाइपचा रात्रभर गडगडाट, घरचे वैतागलेत, काही उपाय आहे का?

यार्डाजवळचा, भुसावळ

रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी हॉलमध्ये टाकीसमोर मोबाइल घेऊन बसलोय, यावरून काय ते समजून घ्या. आमचं घर यार्डाच्या अगदी जवळ, वडील रेल्वेतून रिटायर, आयुष्यभर शंटिंगच्या धडाधडीत झोपलेला माणूस, मालगाडी गेली काय आणि इंजिनाने हॉर्न दिला काय, कूससुद्धा बदलत नाहीत. पण महिन्यापूर्वी मी संपवाली टाकी लावली (संप म्हणजे खालची फिल्टरची छोटी टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं), तेव्हापासून रात्री दोन-दोन तीन-तीनदा उठून येतात आणि विचारतात, "अरे संडासची टाकी कोण ओढतंय सारखं?"

टाकी ४ फूट बाय दीड बाय दीड, भरून साधारण २५० लिटर, मलावी सिक्लिड जातीचे मासे आहेत १८. बोअरचं पाणी जड आहे आमच्याकडे म्हणून तेच ठेवले, मजेत आहेत. मागच्या कोपऱ्यात काचेचा ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे टाकीतलं वरचं पाणी ज्यात पडतं तो कप्पा, वरती कंगव्यासारखे दात, तळाला दोन होल. एकातून १ इंची पाइप खाली संपमध्ये जातो, दुसऱ्यातून पाऊण इंची रिटर्न वर येतो. संप अडीच फुटी, खालच्या प्लायच्या कपाटात. पंपाच्या डब्यावर ३००० लिटर ताशी लिहिलंय. ड्रेनचा पाइप बॉक्सच्या निम्म्या उंचीवर सरळ कापलेला, तोंड उघडं, खाली उतरून ९० चा एल्बो आणि मग संपच्या पाण्यात ४-५ इंच बुडवलेला, मला वाटलं जितका बुडवू तितका आवाज कमी.

आवाज तीन प्रकारचे आहेत. बॉक्समध्ये पाणी पडतं तो धबधबा, तो एक वेळ चालेल. दुसरा गुर्र गुर्र गुर्र आणि मग एकदम सुर्रर्र करून ओढल्यासारखा, दर वीस-पंचवीस सेकंदांनी, मी मोजलंय. तिसरा खाली संपमध्ये भुडुक भुडुक, आणि कपाटाचं दार लावलं की तोच आवाज ढोलात वाजवल्यासारखा येतो.

टॉवेल गुंडाळून झाला, थर्माकोल लावून झालं. ज्याने टाकी बनवून दिली तो म्हणतो संप म्हटला की आवाज असणारच, सवय होईल. बायको म्हणते रात्री पंप बंद करत जा. करू का?

धुळ्याचा सिक्लिडवाला

काय भाऊ, झोप नही ई राह्यनी का! मनाघर बी आसंच व्हतं.

सोपं आहे, ड्रेनच्या पाइपला कपाटात बॉल व्हॉल्व्ह बसव आणि थोडा थोडा बंद करत जा, पाइप पूर्ण पाण्याने भरला की आवाज गायब होतो, अक्षरशः गायब. शंभर-दीडशेचं काम. माझी टाकी दोन वर्षं तशीच चालू आहे.

ठिबकवाला, रावेर

वरच्या धुळेकर भाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं हॉलमध्ये पाणी करणारं आहे, रागावू नका. या गड्याच्या टाकीला ड्रेन एकच आहे. एकुलत्या एक ड्रेनला व्हॉल्व्ह टाकून आवळला आणि एखादा गोगलगायीचा शंख नाहीतर पान त्यात अडकलं, की पंप वर ढकलत राहणार आणि खाली यायला वाट नाही. संपच्या पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी आहे तेवढं सगळं फरशीवर. तुमचं दोन वर्षं चाललं, चांगलंय, पण मी दुसऱ्याला सांगणार नाही.

आता मूळ मुद्दा. माझी केळी आहे, ठिबकवर, म्हणून मला हे पटकन कळतं. पाणी एकटं असलं तर पाइपमध्ये आवाज करत नाही आणि हवा एकटी असली तरी करत नाही, दोघं एकाच पाइपमध्ये भांडायला लागले की गडगड सुरू होते. शेतात मेन लाइनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतो ना आपण, तो नसला की मोटर सुरू केल्यावर पाइप कसा खोकतो ते ऐकलंय? तुझ्या टाकीत तेच चाललंय. उघड्या तोंडाच्या पाइपमध्ये पाणी कडेकडेने आत पडतं, मधून हवा ओढतं, तो गुर्र गुर्र. मध्येच पाइप पूर्ण भरतो, सायफन लागतो, बॉक्समधलं पाणी झपकन ओढून घेतो, तोंड उघडं पडलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो, तो तुझा सुर्रर्र. मग बॉक्स परत भरायला वीस सेकंद. वडिलांनी संडासची टाकी म्हटलं ते शंभर टक्के बरोबर आहे, तिकडेही सायफनच असतो.

म्हणजे करायचं काय, तर एक तर हवेला तिची वेगळी वाट द्यायची नाहीतर हवा पूर्ण बंद करायची. पहिल्याला डर्सो म्हणतात, दुसऱ्याला हर्बी. अजून एक बीनअ‍ॅनिमल म्हणून तीन पाइपवाली पद्धत आहे, ती सगळ्यात भारी पण तुला तीन होल नाहीत, सोड.

आज रात्रीसाठी डर्सो कर. उभ्या पाइपच्या टोकाला टी लाव, टीच्या आडव्या तोंडाला खाली वळवलेला एल्बो, वरच्या तोंडाला कॅप, आणि कॅपला ३ मिलिमीटरचं एक होल पाड. पाणी एल्बोतून पृष्ठभागाच्या खालून आत जाणार, हवा वरच्या होलमधून. त्या होलला एअर पंपाची बारीक नळी आणि तिचा प्लास्टिकचा कॉक लावलास तर हवा कमीजास्त करता येते, हीच खरी गंमत आहे. हवा कमी पडली तर फ्लश सुरू राहतो, जास्त झाली तर गुरगुर. मधली जागा कान लावून शोधायची, रेडिओचं स्टेशन लावायचो तसं. बॉक्समधलं पाणी टीच्या आडव्या तोंडाच्या पातळीला थांबतं, म्हणून टी मुद्दाम उंच ठेव, दातांच्या खाली दोन-तीन इंचावर, म्हणजे तुझा धबधबा पण आपोआप गेला. जमलं तर होलच्या वरचा उभा भाग सव्वा इंची घे, रिड्यूसर टाकून, जाड पाइपात पाण्याला भिंतीला धरून उतरायला जागा मिळते.

आणि रात्री पंप बंद करू नकोस. संपमधल्या मीडियावरचे, म्हणजे गाळणीच्या सामानावरचे, पाणी साफ करणारे बॅक्टेरिया वाहत्या पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, रोज आठ तास बंद ठेवलास तर सकाळी शिळं पाणी टाकीत ढकलशील.

जळगावची ताई

ठिबकवाले दादांनी वरचा भाग छान सांगितला, मी खालचा सांगते, कारण माझ्याकडे वरचं सगळं बरोबर होतं आणि तरी भुडुक भुडुक चालू होतं. ४-५ इंच बुडवलेला पाइप हाच तुमचा तिसरा आवाज आहे. पाण्याबरोबर खाली आलेल्या हवेला बाहेर पडायला तेवढं पाणी ढकलावं लागतं, ती साचते, मग एकदम ढेकर देते. पाइपचं तोंड पाण्याच्या खाली जेमतेम एक इंच ठेवा, तोंड तिरपं कापा, शेवटी ९० च्या एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा. तो पाइप संपच्या काचेला टेकू देऊ नका.

दुसरं म्हणजे ३००० चा पंप तुम्हाला लागतच नाही. एक साधं करा, रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. १८ सेकंदांत भरली तर २००० लिटर ताशी, ३० सेकंदांत भरली तर १२००. तुमच्या टाकीला तासाला पाच फेऱ्या पुष्कळ झाल्या, म्हणजे साडेबाराशे. जास्त पाणी म्हणजे पाइपात जास्त मारामारी. पंपाच्या पुढच्या पाइपला व्हॉल्व्ह टाकून कमी करा, पंपाचं ओढायचं तोंड मात्र कधीच आवळू नका.

पंपाच्या तोंडाला सरळ कडक पीव्हीसी जोडला असेल तर पंपाची थरथर पाइपातून टाकीला, टाकीतून कपाटाला जाते. मध्ये वीतभर मऊ ब्रेडेड पाइप टाका, दोन्हीकडे होज क्लिप. पंपाखाली स्पंज. संपखाली जुनी योगा मॅट कापून घाला, माझी अशीच सत्कारणी लागली, योगा काही होत नव्हता.

आणि दुकानात जाल तेव्हा लक्ष ठेवा, आपल्याकडे शेतीचा पीव्हीसी मिलिमीटरमध्ये आणि घरातला यूपीव्हीसी इंचात. शेतीचा ३२ चा पाइप आणि प्लंबिंगचा १ इंची यांना दुकानदार एकच म्हणतो, पण प्लंबिंगचा बाहेरून ३३.४ असतो. सीपीव्हीसी तिसरंच काहीतरी. सगळं एकाच जातीचं घ्या.

यार्डाजवळचा, भुसावळ

सर्वांचे आभार. ताईंची शेवटची ओळ मी दुकानातून आल्यावर वाचली. 🙏

झालं असं की सकाळीच गेलो, टी, एल्बो, कॅप, रिड्यूसर घेऊन आलो, दुकानदाराला टाकी म्हटलं तर त्याला गच्चीवरची टाकी वाटली, त्याने शेतीचं फिटिंग दिलं, घरी येऊन बघतो तर माझ्या पाइपवर जातच नाही, पॉलिश पेपरने घासून घासून अर्धा तास घालवला, मग परत गेलो. दुसऱ्यांदा जुन्या पाइपचा तुकडा खिशात घेऊन गेलो, हे आधीच करायला पाहिजे होतं.

बादली मोजली, १६ सेकंद. म्हणजे सव्वादोन हजार, टाकीच्या नऊ फेऱ्या, आणि मी म्हणत होतो पंप डब्यावरच्या आकड्याएवढा चालत नाही म्हणून अजून मोठा घेऊ.

रात्री डर्सो बसवला. बॉक्सच्या आत सोल्युशन न लावता नुसतं दाबून बसवलंय, काढता यावं म्हणून. चालू केल्या केल्या फ्लश सुरूच होता, मग नळीचा कॉक अगदी हळू उघडत गेलो आणि एका जागी आवाज असा खाली बसला की मला वाटलं पंप बंद पडला. वरचा धबधबा गेला. खालचा पाइप एक इंचावर आणला, ढेकर बंद. आता राहिलाय तो एक सततचा शूऽऽ असा आवाज, आणि सकाळी उठून बघितलं तर पुन्हा थोडी गुरगुर, कॉक परत जरासा फिरवावा लागला. हे रोज करायचं का?

ठिबकवाला, रावेर

कॉकच्या तोंडाशी पाण्याचा तुषार उडून क्षार बसतात, आपलं बोअरचं पाणी, ड्रिपर चोक होतात तसंच. पंधरा दिवसांनी लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकून ठेव. पण खरं सांगू, डर्सो म्हणजे तडजोड आहे, शूऽऽ राहणार. एक इंची पाइपवर सव्वादोन हजार लिटर डर्सोला जडच जातं, आधी प्रवाह कमी कर.

पूर्ण शांतता हवी असेल तर हर्बी कर, तुझ्याकडे दोन होल आहेत, रिटर्नसाठी एक होल वाया कशाला घालवतोस? रिटर्नचा पाइप मागून काचेवरून आत सोड आणि दोन्ही होल ड्रेनला वापर. पाऊण इंचीवाला मेन, त्याचं तोंड बॉक्समध्ये खूप खाली, कायम पाण्यात बुडालेलं, आणि खाली कपाटात त्यालाच व्हॉल्व्ह. तो पूर्ण भरून वाहणार, हवाच नाही तर आवाज कुठून येणार. एक इंचीवाला इमर्जन्सी, तोंड उंच, दातांच्या जरा खाली, त्याला व्हॉल्व्ह अजिबात नाही. लोक मोठा पाइप मेनला वापरतात, मी उलटं सांगतोय, कारण भरलेला पाऊण इंची पाइप तुझे साडेबाराशे लिटर आरामात नेतो, पण संकट आलं तर जो एकटा सगळं पाणी पेलणार तो मोठाच पाहिजे.

मेनचं खालचं तोंड एक इंचापेक्षा खोल नको, नाहीतर लाइट आल्यावर पाइपातली हवा बाहेर ढकलली जात नाही आणि सायफन धरत नाही. इमर्जन्सीचं खालचं तोंड मात्र पाण्याच्या वर ठेव. त्यातून पाणी पडायला लागलं की धो धो आवाज येईल आणि समजायचं मेन चोक झालाय.

बसवल्यावर मेनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून दहा मिनिटं समोर उभा राहा. इमर्जन्सी एकटा निभावतो का बघ. ही परीक्षा झाल्याशिवाय त्या रात्री झोपू नकोस.

धुळ्याचा सिक्लिडवाला

ठिबकवाले भाऊ, मनं चुकनं. तुमचं वाचून कपाट उघडून माझा व्हॉल्व्ह बघितला, आतून शेवाळाचा बुळबुळीत थर, तोंड निम्मं राहिलंय. दोन वर्षं देवाच्या भरवशावर होतो. मागच्या बाजूला एक होल वाढवून घेतो आता, टाकी रिकामी करावी लागणार, असो.

जळगावची ताई

यार्डवाले दादा, व्हॉल्व्ह घेताना गेट व्हॉल्व्ह घ्या, चाकासारखा फिरवायचा असतो तो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत उघडबंद होतो, केसभर फिरवला तरी बॉक्सचं पाणी दोन इंच वरखाली. आणि हार्डवेअरवाला पितळी देईल, तो नको, पितळेत तांबं असतं. माझ्याकडे झिंगे आहेत त्यामुळे मी तांब्याच्या बाबतीत जास्तच घाबरते, पण सतत पाण्यात राहणारी वस्तू प्लास्टिकचीच बरी.

लाइट जाण्याचं पण आत्ताच बघून घ्या. रिटर्न आता काचेवरून आत येणार, त्याचं तोंड जितकं खोल तितकं पाणी उलटं सायफन होऊन संपमध्ये येणार. तुमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळपास १४ लिटर. रिटर्नच्या पाइपला पृष्ठभागाच्या जरा खाली ४ मिलिमीटरचं होल पाडा, पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. मुद्दाम स्विच बंद करून संप किती भरतो ते बघा आणि तिथे मार्करने रेघ मारा.

यार्डाजवळचा, भुसावळ

अपडेट देतो, उशीर झाला, प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह इथे मिळेना, ऑनलाइन मागवला तर आठ दिवस लागले.

रविवारी सकाळी बसलो ते दुपारी भरीत-भाकरी थंड झाली तरी उठलो नव्हतो. दोन्ही होल ड्रेनला लावले, रिटर्न मागून घेतला, त्याला वर टाकीजवळ एक बॉल व्हॉल्व्ह टाकून बादली २८ सेकंदांवर आणली. पहिल्यांदा चालू केलं तर पाऊण इंचीतून पाच मिनिटं बुडबुडे, खोकला, फसफस, मला वाटलं गेलं सगळं. मग एकदम पाइप भरला आणि बॉक्समधलं पाणी सरसर खाली जायला लागलं, तेव्हा गेट आवळत गेलो, अर्धी फेरी, थांबायचं, पाव फेरी, थांबायचं. दर वेळी पातळी स्थिर व्हायला तीन-चार मिनिटं लागतात, घाई केली की पुढे निघून जातं. शेवटी अशा ठिकाणी आणलं की इमर्जन्सीच्या तोंडावरून कडेने अगदी थोडंसं पाणी ओघळतं, पाइपाची आतली भिंत ओली होते एवढंच, आवाज नाही. परीक्षा पण घेतली, मेन पूर्ण बंद केला, इमर्जन्सीतून असा गडगडाट झाला की आतून वडील ओरडले, परत सुरू झालं का रे! पण पाणी दातांच्या वर अर्धा इंच चढून तिथेच थांबलं. पास.

त्या रात्री टाकीजवळ कान नेला तर फक्त पंपाची घरघर. ती पण ताईंच्या मऊ पाइपाने आणि स्पंजाने निम्मी झाली. कपाटाचं दार लावलं की काही नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील. एक, इथल्या उन्हात टाकीवर पंखा लावला की संपच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी रोज तीन-चार लिटर उडतं, पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो आणि वेगळाच खरखर आवाज येतो. परवा तासभर व्हॉल्व्हशी खेळत बसलो आणि दोष नुसता पाणी कमी असल्याचा निघाला. दुसरी, लाइट गेली की पंप इन्व्हर्टरवर जातो आणि मोठ्याने भणभणायला लागतो. लाइट आली की परत शांत. पंप खराब होतोय का?

ठिबकवाला, रावेर

इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल. त्याच्यावर सीलिंग फॅन पण हूंऽऽ करतो बघ. थोडा वेळ चालला तर पंप लगेच मरत नाही, पण गरम होतो. पुढे कधी इन्व्हर्टर बदलशील तेव्हा साइन वेव्ह घे. तोपर्यंत लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर एक एअर पंप लाव आणि मोठा पंप इन्व्हर्टरला न जोडता थेट लाइटवरच ठेव, तासा-दोन तासांनी माशांना काही होत नाही.

शिरपूरचा नवखा

माझी टाकी दोन फुटी आहे, होल नाहीत, संप करायचाय. बाहेर लटकवायचा सायफनवाला बॉक्स मिळतो तो घेऊ का?

जळगावची ताई

लाइट वारंवार जात असेल तर नका घेऊ. सायफन तुटला आणि लाइट आल्यावर परत धरला नाही की पंप चालू, ड्रेन बंद. टाकी नवीन असेल तर रिकामी करून काचवाल्याकडून होल पाडून घ्या, पण आधी खात्री करा की ती काच टफन केलेली नाही, टफन काचेला ड्रिल लावला की ती चुरा होते. दोन फुटीला खरं म्हणजे साधा हँग-ऑन, म्हणजे काचेला लटकवायचा फिल्टर पुरतो.

यार्डाजवळचा, भुसावळ

इन्व्हर्टरचं सांगितल्याप्रमाणे करतो. बॉक्सच्या आतल्या दोन्ही पाइपांची उंची कोणीतरी मेसेजमध्ये विचारली होती, बॉक्स साडेसोळा इंच उंच आहे, मेनचं तोंड तळापासून ६ इंचावर, इमर्जन्सीचं १४ वर. फोटो उद्या टाकतो, आता झोपतो.